दाताची कॅप निवडताना : धातू, सिरॅमिक की झिरकोनिया?

दातांच्या कॅपविषयी वाचकांकडून सातत्याने पत्रे येत असल्याने या वेळचे संपूर्ण सदर त्याच विषयाला दिले आहे. पत्रे संक्षिप्त केली असून पत्रलेखकांची नावे दिलेली नाहीत. उत्तरे सर्वसाधारण मार्गदर्शनापुरती आहेत. ज्यांनी तुमचा दात आणि त्याचा एक्स-रे प्रत्यक्ष पाहिला आहे, त्या डॉक्टरांशी बोलूनच निर्णय घ्यावा.

प्रश्न : माझे वय ६१ असून मी निवृत्त शिक्षक आहे. खालच्या डाव्या बाजूच्या सर्वांत मागच्या दाढेचे रूट कॅनाल नुकतेच झाले. डॉक्टरांनी कॅपचे तीन प्रकार दाखवले आहेत : साधी धातूची, धातूवर सिरॅमिक चढवलेली आणि झिरकोनिया या पांढऱ्या, भक्कम सिरॅमिकची. झिरकोनियातही पाच, दहा आणि पंधरा वर्षांच्या वॉरंटीचे वेगवेगळे दर आहेत. मुलगा म्हणतो, एकदाच काय ती चांगली घ्या. पत्नीचे म्हणणे असे, की जी दाढ कोणाला दिसत नाही तिच्यासाठी एवढा खर्च कशाला? वॉरंटी जितकी मोठी तितकी कॅप टिकाऊ, असे समजावे का?
– एक वाचक, सातारा

उत्तर : तसे समजू नये. वॉरंटीच्या आकड्यावरून कॅप निवडणे मला मुळातच चुकीचे वाटते, आणि त्याचे कारण कॅप निकामी कशी होते हे पाहिले की लक्षात येते. कॅपचा पदार्थच मोडला, असे तुलनेने कमी वेळा घडते. बहुतेक वेळा कॅपच्या कडेशी, हिरडीजवळ, दाताला नव्याने कीड लागते. किंवा आतला दात आखूड असल्याने कॅप सैल होऊन निघते. किंवा रूट कॅनाल झालेल्या दाताचे मूळच उभे चिरते. वॉरंटी साधारणपणे पदार्थ बनवणारी कंपनी किंवा लॅब देते आणि ती कॅप तुटण्यापुरती असते. कॅपखालचा दात किडला तर त्या कार्डाचा उपयोग होत नाही, आणि तुटलेल्या कॅपऐवजी नवी मिळाली तरी डॉक्टरांचे श्रम आणि पुन्हा माप घेण्याचा खर्च तिच्यात धरलेला असतोच असे नाही. कार्डावरच्या अटी वाचून पाहाव्यात.

आता तुमच्या दाढेकडे वळू. सर्वांत मागची दाढ बहुधा आखूड असते, तिच्यापर्यंत हात पोहोचणे अवघड असते आणि वरच्या दाढेशी तिचे अंतर फार थोडे असते. कॅप बसवण्यासाठी दात चहूबाजूंनी आणि वरून घासून लहान करावा लागतो, आणि किती घासावा लागेल हे कॅपच्या पदार्थावर ठरते. संपूर्ण धातूच्या कॅपला चावण्याच्या पृष्ठभागावर सुमारे एक ते दीड मिलिमीटर आणि बाजूंना त्याहून बरीच कमी जागा पुरते. एकसंध, म्हणजे वर दुसरा थर न चढवलेल्या, झिरकोनियालाही चावण्याच्या बाजूला साधारण एक मिलिमीटर चालतो. धातूवर सिरॅमिक चढवायचे असेल, तर आत धातूचा थर, त्यावर धातूचा काळेपणा झाकणारा अपारदर्शक थर आणि त्यावर दातासारखे दिसणारे सिरॅमिक अशी तीन आवरणे मावली पाहिजेत. त्यासाठी दीड ते दोन मिलिमीटर दात घालवावा लागतो. आखूड दाढेत हा अर्धा ते एक मिलिमीटरचा फरक फार मोठा ठरतो, कारण घासून झाल्यावर कॅपला धरून ठेवायला दाढेच्या भिंती निदान चार मिलिमीटर उंच उरायला हव्यात. त्यातही हिरडीच्या वर सगळ्या बाजूंनी सुमारे दोन मिलिमीटर निरोगी, मूळचा दात कॅपच्या कवेत आला पाहिजे. भरलेल्या सिमेंटवर बसलेली कॅप आणि मूळच्या दाताला कवेत घेतलेली कॅप यांच्या आयुष्यात जो फरक पडतो, तितका फरक दोन पदार्थांमध्ये सहसा पडत नाही.

म्हणून या विशिष्ट दाढेसाठी तीन पर्यायांपैकी मधला, म्हणजे धातूवर सिरॅमिक चढवलेला, मी सर्वांत शेवटी ठेवेन. त्यासाठी दात सर्वाधिक घासावा लागतो आणि मागच्या दाढेवर जो जोर पडतो त्याने वरच्या सिरॅमिकचा टवका उडण्याची शक्यताही राहते. उरलेल्या दोहोंत तुमच्या पत्नींचे म्हणणे मला पटते. संपूर्ण धातूची कॅप आज दवाखान्यांत जुनाट समजली जाते आणि रुग्णालाही ती गरिबाची कॅप वाटते. पण तिची कड दाताशी बारीक आणि घट्ट जुळवता येते, तिचा टवका उडत नाही आणि ती समोरच्या दाताशी सौम्यपणे वागते. पूर्वी तिच्यासाठी सोन्याचा मिश्रधातू वापरत आणि दंतवैद्यकाच्या शिक्षणात तो आजही उत्तम मानला जातो, परंतु आजच्या भावात तो फार थोड्यांना परवडतो. निकेलविरहित कोबाल्ट-क्रोमियमची धातूची कॅप मिळत असेल तर ती निःशंकपणे घ्यावी. एक मात्र लक्षात घ्यावे, की खालच्या दाढेचा वरचा पृष्ठभाग मोठ्याने हसताना किंवा जांभई देताना दिसतो. ते तुम्हाला खटकणार असेल तर एकसंध झिरकोनिया घ्यावी. तीही या जागी उत्तम टिकते. फक्त पुढे कधी त्या दाढेचे रूट कॅनाल पुन्हा करण्याची वेळ आली, तर झिरकोनियातून वाट काढणे डॉक्टरांसाठी अधिक कष्टाचे असते.

कोणतीही कॅप घ्या, पण उशीर करू नका. रूट कॅनाल झालेल्या दातांविषयीचा एक अमेरिकी अभ्यास २००२ साली प्रसिद्ध झाला. त्यात कॅप न बसवलेले दात कॅप बसवलेल्या दातांच्या मानाने सहापट वेगाने गमावले गेल्याचे आढळले होते. दुखणे थांबले म्हणून लोक महिनोन्महिने तात्पुरत्या भरणीवर काढतात आणि एके दिवशी भाकरीच्या साध्या घासानेही दाढ उभी चिरते. तशी दाढ बहुधा काढावीच लागते.

प्रश्न : मी ३४ वर्षांची आहे. शाळेत असताना पडल्यामुळे वरच्या पुढच्या दोन दातांपैकी एकाला मार लागला होता. त्याचे रूट कॅनाल करून त्यावर धातू-सिरॅमिकची कॅप बसवली, त्याला बरीच वर्षे झाली. आता हिरडीजवळ काळी रेघ दिसू लागली आहे आणि कॅप शेजारच्या दातापेक्षा निर्जीव वाटते. एका डॉक्टरांनी झिरकोनिया सुचवली, दुसऱ्यांनी ई-मॅक्स. दोघेही आपापला पर्याय सर्वांत नैसर्गिक दिसतो असे सांगतात. काय करावे?
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : दोघांचेही म्हणणे खरे असू शकते. कॅपखाली काय आहे, हे पाहिल्याशिवाय मात्र कोणाचे खरे ते ठरत नाही.

काळी रेघ म्हणजे जुन्या कॅपच्या धातूची कड, किंवा तिच्याखालचे काळवंडलेले मूळ. वय वाढते आणि हिरडी थोडी मागे सरकते तशी ती उघडी पडते. धातूवर सिरॅमिक भाजून घट्ट बसवण्याची पद्धत १९६० च्या दशकात अमेरिकेत विकसित झाली, आणि पुढची कित्येक दशके पुढच्या दातांसाठी तोच नेहमीचा पर्याय होता. तेव्हा तुम्हाला कॅप बसवणाऱ्या डॉक्टरांचे काही चुकले, असे समजू नका.

ई-मॅक्स हे लिथियम डायसिलिकेट या काचमिश्रित सिरॅमिकचे बाजारातले नाव आहे. त्यातून प्रकाश थोडा आरपार जातो, आणि नैसर्गिक दाताचा जिवंतपणा नेमका त्यातूनच येतो. शिवाय आतल्या बाजूला हायड्रोफ्लोरिक आम्लाने खडबडीतपणा आणून रेझिन सिमेंटने ते दाताशी चिकटवता येते, म्हणजे कॅप आणि दात एकजीव होतात. पण प्रकाश आत जातो तसाच आतला रंग बाहेरही येतो. तुमचा दात काळपट झाला असेल, किंवा त्यात आधारासाठी धातूची खुंटी बसवलेली असेल, तर पातळ, पारदर्शक ई-मॅक्सखालून करडी छटा डोकावेल. अशा वेळी ई-मॅक्सचाच अधिक अपारदर्शक प्रकार वापरता येतो, किंवा आत झिरकोनियाचे पातळ कवच करून त्याच्या दर्शनी बाजूवर सिरॅमिकचे थर चढवता येतात. धातूची खुंटी धोका न पत्करता काढता येत असेल तर ती काढून फायबरची बसवणे, हाही एक मार्ग आहे. परंतु ती काढताना मूळ चिरण्याची भीती असते. नुसत्या रंगासाठी तो धोका पत्करू नये, असे मला वाटते.

झिरकोनियाविषयीही एक खुलासा आवश्यक आहे, कारण झिरकोनिया एकच नसते. तिचा मूळ गुण असा, की ताण पडलेल्या ठिकाणी तिच्या कणांची स्फटिकरचना बदलते, ते कण सुमारे चार टक्क्यांनी फुगतात आणि पसरू पाहणाऱ्या भेगेला तिथल्या तिथे दाबून धरतात. ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी १९७५ साली हा गुण जगासमोर मांडला, तेव्हा या पदार्थाला त्यांनी पोलादाची उपमा दिली होती. या प्रकारच्या झिरकोनियाची वाकण्यातील ताकद ९०० ते १२०० मेगापास्कल (ताकद मोजण्याचे एकक) असते. लिथियम डायसिलिकेटची सुमारे ४००, तर थर म्हणून चढवल्या जाणाऱ्या नेहमीच्या सिरॅमिकची १०० च्या आसपास. पण ही भक्कम झिरकोनिया खडूसारखी पांढरी आणि अपारदर्शक दिसते. ती पारदर्शक व्हावी म्हणून तिच्यात मिसळलेल्या यिट्रियम या धातूचे प्रमाण वाढवले, की भेग रोखणारा तो गुण बराचसा जातो आणि ताकद जवळपास निम्म्यावर येते. म्हणजे दाढेसाठीची झिरकोनिया आणि ‘पुढच्या दातासाठी खास’ म्हणून मिळणारी झिरकोनिया यांचे गुणधर्म एकमेकांपासून बरेच दूर आहेत. तुमच्यासाठी नेमकी कोणती सुचवली आहे, हे डॉक्टरांना जरूर विचारा. चांगला डॉक्टर या प्रश्नाने दुखावत नाही.

तरीही पदार्थापेक्षा रंगजुळणीवर तुमचे समाधान अधिक अवलंबून राहील. समोरच्या दोनपैकी एकाच दाताची कॅप शेजारच्या दाताशी तंतोतंत जुळवणे, हे आमच्या व्यवसायातील अत्यंत कठीण कामांपैकी एक आहे. रंग दिवसाच्या उजेडात, लिपस्टिक न लावता आणि भेटीच्या अगदी सुरुवातीला पाहावा. तोंड बराच वेळ उघडे राहिले की दात कोरडे पडून मूळच्यापेक्षा पांढरे दिसू लागतात. दात उजळवून घेण्याचा विचार असेल तर ते आधी करावे, त्यानंतर दोन आठवडे रंग स्थिर होऊ द्यावा आणि मगच कॅपचा रंग ठरवावा, कारण एकदा बनलेली कॅप उजळवता येत नाही. छायाचित्रे लॅबकडे पाठवावीत. शक्य असल्यास लॅबच्या तंत्रज्ञांनी तुमचा दात एकदा प्रत्यक्ष पाहावा. जुनी कॅप काढल्यावर तीनचार आठवडे नीट घडवलेली तात्पुरती कॅप ठेवावी. तेवढ्या काळात सुजलेली हिरडी शांत होते आणि तिची कड कुठे स्थिरावते ते कळते. शेवटी कॅप कायमची चिकटवण्याआधी ती नुसती दातावर ठेवून, आरसा घेऊन खिडकीशी उभे राहून पाहा. न आवडल्यास त्याच वेळी सांगा. संकोचून ‘ठीक आहे’ म्हणणारे अनेक रुग्ण पुढे वर्षानुवर्षे तोंडावर हात ठेवून हसतात, आणि त्याचे मला फार वाईट वाटते.

प्रश्न : खोटे दागिने घातले की माझ्या कानांना आणि गळ्याला पुरळ येते. मला धातूची कॅप चालेल का? तोंडात दोन जुन्या धातू-सिरॅमिकच्या कॅप आहेत, त्या काढाव्यात का?
– एक गृहिणी, अकोला

उत्तर : खोट्या दागिन्यांनी उठणारे पुरळ बहुतेक वेळा निकेलमुळे असते, आणि कॅपसाठी वापरल्या जाणाऱ्या स्वस्त मिश्रधातूंत निकेल-क्रोमियम हा नेहमीचा प्रकार आहे. त्वचारोगतज्ज्ञांकडून पॅच टेस्ट, म्हणजे त्वचेवर पदार्थ लावून करायची ॲलर्जीची चाचणी, करून घ्यावी. निकेलची ॲलर्जी निश्चित झाली तर नवी कॅप झिरकोनियाची, लिथियम डायसिलिकेटची किंवा निकेल नसलेल्या कोबाल्ट-क्रोमियमची घ्यावी आणि मिश्रधातूचे घटक लॅबकडून लिहून मागावेत. ‘नॉन-प्रेशियस’ (मौल्यवान धातू नसलेला) एवढ्या शब्दावर समाधान मानू नये, कारण त्यात निकेल असलेले आणि नसलेले असे दोन्ही प्रकार येतात.

जुन्या दोन कॅपांच्या भोवतीची हिरडी निरोगी असेल, तोंडात जळजळ किंवा चट्टे नसतील, तर केवळ भीतीपोटी त्या काढू नयेत. त्वचेच्या मानाने तोंडाच्या अस्तरावर निकेलची प्रतिक्रिया बरीच कमी वेळा दिसते. बसलेली कॅप कापून काढताना मात्र आतल्या दाताचे थोडे नुकसान होतेच.

प्रश्न : मी झोपेत दात खातो, असे घरचे सांगतात. वरच्या दाढेला झिरकोनियाची कॅप बसवायची आहे, पण झिरकोनिया इतकी कठीण असते की ती समोरचा नैसर्गिक दात झिजवते, असे वाचले. हे खरे आहे का?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : ही भीती फार पसरलेली आहे आणि ती अर्धीच खरी आहे. समोरचा दात झिजतो तो प्रामुख्याने पृष्ठभागाच्या खरखरीतपणामुळे. कठीणपणाचा वाटा त्यात गौण असतो. चांगली चकचकीत घासलेली झिरकोनिया समोरच्या इनॅमलला धातूवर चढवलेल्या सिरॅमिकपेक्षा कमी झिजवते, असे अभ्यासांत दिसून आले आहे. सिरॅमिकचा मऊ थर वापरून वापरून खडबडीत होतो आणि कानसासारखा काम करू लागतो. नीट पॉलिश केलेली झिरकोनिया गुळगुळीत राहते.

धोका उद्भवतो तो दवाखान्यातल्या शेवटच्या पाच मिनिटांत. कॅप बसवताना चावा उंच लागतो, म्हणून डॉक्टर रंगीत कागद चावायला देऊन उंच जागा हिऱ्याच्या बरने (यंत्राच्या फिरत्या टोकाने) घासतात. त्या घासलेल्या जागेवर झिरकोनियासाठीच्या खास रबरी चाकांनी टप्प्याटप्प्याने पॉलिश केले नाही, तर तिथे खरोखरच समोरचा दात झिजवणारा पृष्ठभाग उरतो. लॅबमध्ये वरून दिलेली काचेसारखी चमक पुरेशी नसते, कारण दाढेवरची ती चमक चावण्याने उडून जाते आणि मग तिच्याखालचा पृष्ठभाग कसा आहे ते महत्त्वाचे ठरते. तेव्हा कॅप घासून कमी केली, तर ‘पुन्हा पॉलिश केले का?’ हे अवश्य विचारा.

झोपेत दात खाणाऱ्या माणसासाठी दाढेवर मी एकसंध झिरकोनिया किंवा संपूर्ण धातू हे दोनच पर्याय विचारात घेईन. थर चढवलेली कोणतीही कॅप, मग ती धातूवरची असो वा झिरकोनियावरची, टाळावी. सुरुवातीच्या काळातील झिरकोनियाच्या कॅपचा टवका उडण्याच्या तक्रारी येत, त्या प्रामुख्याने वरच्या थराच्याच होत्या. यासोबत रात्री दातांवर घालायचा कडक नाइट गार्ड करून घ्या. तो नसेल तर कॅप शाबूत राहील आणि जोर आतल्या मुळावर जाईल, आणि मुळाला गेलेली भेग कोणत्याही पदार्थाने सांधता येत नाही. सुपारी चघळण्याची किंवा अडकित्त्याऐवजी दातांनी ती फोडण्याची सवय असल्यास ती सोडावी; तोंडाच्या कर्करोगाच्या कारणाने तर सोडावीच.

प्रश्न : माझ्या सहा वर्षांच्या मुलीच्या किडलेल्या दुधाच्या दाढेला डॉक्टरांनी स्टीलची कॅप सुचवली आहे. पांढरी झिरकोनियाची कॅपही मिळते असे कळले. कोणती घ्यावी?
– एक पालक, रत्नागिरी

उत्तर : मागच्या दुधाच्या दाढेसाठी स्टीलचीच घ्यावी. ती तयार आकारांत मिळते, दात फारसा घासावा लागत नाही, एकाच भेटीत बसते आणि साधारण दहा ते बारा वर्षांच्या दरम्यान दाढ पडेल तेव्हा तिच्यासोबत आपोआप निघून जाते. कीड दाताच्या आतल्या नसेपर्यंत पोहोचलेली नसेल, तर स्कॉटलंडमध्ये विकसित झालेल्या हॉल पद्धतीने दात न कोरता आणि भुलीचे इंजेक्शन न देताही ती बसवता येते. त्यात सुरुवातीला चावा थोडा उंच लागतो, पण काही आठवड्यांत मुलांचे दात स्वतःहून जुळवून घेतात. पांढरी कॅप दिसायला छान असते, परंतु तिच्यासाठी दुधाचा लहानसा दात बराच कोरावा लागतो आणि मुलीला खुर्चीत अधिक वेळ बसावे लागते. पुढच्या दातांसाठी तिचा विचार जरूर करावा.

प्रश्न : वडिलांच्या तीन दाढांना कॅप हव्या आहेत. आम्ही शेतकरी आहोत आणि खाजगी दवाखान्यातला खर्च एकदम झेपणारा नाही. स्वस्त कॅप घेतली तर फसवणूक होईल का?
– एक वाचक, जालना जिल्हा

उत्तर : दर कमी म्हणून कॅप वाईट, असे मुळीच नाही. मागच्या दाढांसाठी संपूर्ण धातूची कॅप सर्वांत कमी खर्चाची असते आणि वर सांगितल्याप्रमाणे ती सर्वांत भरवशाच्या पर्यायांपैकी आहे. तुम्हाला छत्रपती संभाजीनगरचे शासकीय दंत महाविद्यालय जवळ पडेल. मुंबई आणि नागपूर येथेही शासकीय दंत महाविद्यालये आहेत, मुंबईत महापालिकेचे नायर दंत महाविद्यालय आहे आणि गोव्यातील वाचकांसाठी बांबोळीचे दंत महाविद्यालय आहे. तिथे विद्यार्थी आणि पदव्युत्तर डॉक्टर प्राध्यापकांच्या देखरेखीखाली काम करतात, खर्च खाजगीपेक्षा बराच कमी येतो, मात्र फेऱ्या अधिक होतात आणि वेळ लागतो. शेतीची कामे पाहून तारखा मागून घ्याव्यात. तिन्ही कॅप एकाच वेळी करण्याची गरज नसेल, तर ज्या दाढेचे रूट कॅनाल झाले आहे आणि जिची भिंत तुटलेली आहे, ती आधी घ्यावी.

खर्च कितीही असो, कॅप बसवण्याच्या दिवशी काही गोष्टी पाहून घ्याव्यात. शेजारच्या दातातून फ्लॉसचा दोरा किंचित अडखळत पण न तुटता गेला पाहिजे. सहज निसटत असेल तर तिथे रोज अन्न अडकेल. नखाने किंवा जिभेने कडेला पायरी जाणवू नये. तोंड मिटताना नवी कॅप इतर दातांच्या आधी टेकू नये. भूल उतरल्यावर किंवा दुसऱ्या दिवशी तसे जाणवले तर लगेच परत जावे, कारण उंच राहिलेली कॅप आठवडाभरात दाढ दुखवते. वडील मिश्री किंवा तंबाखू लावत असतील, तर कॅपच्या कडेशी ती साचून हिरडी सुजते आणि कड उघडी पडते; कॅप धातूची असो वा झिरकोनियाची, हे टळत नाही. मधुमेह असल्यास रक्तातील साखर आणि हिरड्यांचे उपचार आधी, कॅप नंतर, हा क्रम डॉक्टरांकडून ठरवून घ्यावा. तिन्ही कॅपांचा पदार्थ, लॅबचे नाव आणि बसवल्याची तारीख एका कागदावर लिहून मागा आणि तो कागद वडिलांच्या इतर वैद्यकीय कागदपत्रांसोबत ठेवा. पुढे एमआरआय काढण्याची किंवा त्याच दाढेवर पुन्हा उपचार करण्याची वेळ आली, तर डॉक्टर सर्वप्रथम हेच विचारतील.